अ‍ॅक्सेसमधून रिपोर्ट काढताय? आधी प्रिव्ह्यू नीट बघा, मग प्रिंट द्या

डेटाबेसमधे माहिती भरायला लोक पटकन शिकतात. फॉर्म उघडायचा, रकाने भरायचे, पुढच्या रेकॉर्डवर जायचं, झालं. अडतं ते त्यातून कागद काढायची वेळ आली की. स्क्रीनवर रिपोर्ट एक दिसतो आणि प्रिंटरमधून दुसराच बाहेर येतो, मधेमधे कोरी पानं येतात, उजवीकडचा कॉलम अर्धा कापला जातो. आणि खरा घोळ तर तेव्हा होतो जेव्हा कागद अगदी सुबक येतो पण त्यातली बेरीजच चुकलेली असते, कारण छापील कागदावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात आणि तो कागद पुढे कुठेकुठे जातो.

हे सगळं लिहितोय ते अगदी नवीन माणसासाठी. म्हणजे कुणीतरी तयार डेटाबेस तुमच्या हातात दिलाय आणि "दर महिन्याला यातून रिपोर्ट काढत जा" एवढंच सांगून तो मोकळा झालाय. उदाहरण मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचं घेतलंय, दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं आणि जागा बदलतील पण तपासायच्या गोष्टी बऱ्याचशा त्याच राहतील. माझं म्हणणं एकच आहे, प्रिव्ह्यू म्हणजे शेवटची तपासणी आहे, आणि ज्या रिपोर्टचा प्रिव्ह्यू पानं उलटून बघितला नाही त्याची प्रिंट कुणाच्या हातात देऊ नका.

पायरी १ : फॉर्ममधला रेकॉर्ड सेव्ह झालाय ना

ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. तुम्ही फॉर्ममधे एखादी रक्कम बदलली, फॉर्म तसाच उघडा ठेवला आणि रिपोर्ट काढला, तर रिपोर्टमधे जुनीच रक्कम येते. मग वाटतं डेटाबेस बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं, तो बदल अजून टेबलात, म्हणजे माहिती जिथे खरी साठवली जाते तिथे, पोचलेलाच नसतो, आणि रिपोर्ट वाचतो टेबलातून.

ओळखायचं कसं? फॉर्मच्या डाव्या कडेला जी उभी पट्टी असते तिच्यात छोटी पेन्सिल दिसतेय का बघा. पेन्सिल दिसतेय म्हणजे रेकॉर्ड अजून सेव्ह व्हायचाय. शिफ्ट धरून एंटर दाबा, पेन्सिल जाते, रेकॉर्ड सेव्ह झाला. काही फॉर्ममधे ती पट्टी लपवलेली असते, तिथे सरळ पुढच्या रेकॉर्डवर जाऊन परत या, त्यानेही सेव्ह होतं. आणि प्रिव्ह्यू आधीच उघडा असेल तर तो बंद करून परत उघडा, म्हणजे नवीन डेटा घेऊन येईल.

पायरी २ : डबल क्लिक करू नका, राइट क्लिक करा

डावीकडच्या नेव्हिगेशन पेनमधे रिपोर्टांची यादी असते. नावावर डबल क्लिक केलं की रिपोर्ट उघडतो, पण तो ज्या व्ह्यूमधे उघडतो तो बहुतेक वेळा रिपोर्ट व्ह्यू असतो, आणि लोक त्यालाच प्रिव्ह्यू समजतात. तसं नाहीये ते. अ‍ॅक्सेसमधे रिपोर्ट बघायचे चार प्रकार आहेत आणि त्यातला फरक एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

रिपोर्ट व्ह्यू म्हणजे नुसता स्क्रीनवर वाचायचा रिपोर्ट. त्यात पानं पाडलेली नसतात, सगळं एका लांबलचक पट्टीसारखं वरून खाली जातं. त्यात फिल्टर लावता येतो, मजकूर कॉपी करता येतो, चांगली सोय आहे, पण कागदावर काय येणार ते त्यातून कळत नाही. शिवाय रिपोर्ट बनवणाऱ्याने काही गोष्टी कोडमधून केलेल्या असतात, उदाहरणार्थ बाकी शून्य असेल तर ती ओळ लपवायची वगैरे, आणि असा कोड बहुतेक वेळा फॉरमॅट किंवा प्रिंट या इव्हेंटमधे, म्हणजे पान मांडताना किंवा छापताना आपोआप चालणाऱ्या भागात, लिहिलेला असतो. हे दोन इव्हेंट रिपोर्ट व्ह्यूमधे चालतच नाहीत, प्रिंट प्रिव्ह्यूमधे आणि प्रत्यक्ष प्रिंटमधेच चालतात. म्हणून कधीकधी रिपोर्ट व्ह्यूमधे ज्या ओळी दिसतात त्या कागदावर नसतात. दोन्ही ठिकाणी डेटा तोच असतो, फक्त कोड एकीकडे चालला आणि दुसरीकडे चालला नाही.

लेआउट व्ह्यूमधे खरा डेटा दिसत असतानाच कॉलम लहानमोठे करता येतात. डिझाइन व्ह्यूमधे डेटा दिसत नाही, नुसता सांगाडा दिसतो. हे दोन्ही बदल करायचे व्ह्यू आहेत, रोज रिपोर्ट काढणाऱ्याने तिथे उगाच जाऊ नये. आणि जायचंच असेल तर आधी रिपोर्टची कॉपी करून घ्यावी, नेव्हिगेशन पेनमधे नाव निवडून कंट्रोल सी आणि मग कंट्रोल व्ही, नवीन नाव द्यायचं, काम झालं.

तर रिपोर्टच्या नावावर राइट क्लिक करा आणि यादीतून प्रिंट प्रिव्ह्यू निवडा. त्याच यादीत नुसतं प्रिंट पण असतं, घाईत त्यावर क्लिक जाऊ देऊ नका.

प्रिव्ह्यू उघडला की वरच्या पट्टीतले नेहमीचे टॅब गायब होतात आणि प्रिंट प्रिव्ह्यू नावाचा एकच टॅब उरतो. घाबरू नका. उजव्या टोकाला क्लोज प्रिंट प्रिव्ह्यू असं लाल फुलीचं बटण असतं, ते दाबलं की टॅब जागेवर येतात.

पायरी ३ : रिपोर्ट विचारतो त्या प्रश्नाला विचार करून उत्तर द्या

बरेच रिपोर्ट उघडतानाच एक छोटा चौकोन दाखवतात, एंटर पॅरामीटर व्हॅल्यू. त्यात सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख असं काहीतरी विचारलेलं असतं. ते टाकायचं. पण जर त्या चौकोनात तुम्हाला न कळणारं एखादं नाव आलं, जे आधी कधी विचारलं नव्हतं, तर रिकामं ठेवून ओके मारू नका. त्याचा अर्थ बहुतेक असा असतो की कुणीतरी टेबलातल्या फील्डचं, म्हणजे कॉलमचं, नाव बदललंय किंवा क्वेरीमधे, म्हणजे टेबलातून हवी ती माहिती निवडून रिपोर्टला देणाऱ्या आज्ञेत, स्पेलिंग चुकलंय, अ‍ॅक्सेसला ते नाव कुठेच सापडत नाहीये म्हणून ते तुम्हालाच विचारतंय. ओके मारलं तर रिपोर्ट उघडेल, पण तो कॉलम रिकामा येईल किंवा गाळणी चुकीची लागेल.

तारखांच्या बाबतीत एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण ती फार फसवी आहे. समजा १ मार्च ते ३१ मार्च असा रिपोर्ट काढला, आणि टेबलात तारखेबरोबर वेळ पण साठवलेली आहे. कॉम्प्युटरच्या हिशोबात नुसतं ३१ मार्च म्हणजे ३१ मार्चच्या मध्यरात्रीचे बारा, दिवस जिथे सुरू होतो तो क्षण. मग ३१ तारखेला सकाळी ११ वाजता झालेली नोंद त्या हद्दीच्या बाहेर पडते आणि रिपोर्टमधे येत नाही. महिन्याचा पूर्ण शेवटचा दिवस गायब, आणि कुठेही एरर नाही. तपासायला सोपं आहे, प्रिव्ह्यूमधे शेवटच्या तारखेच्या नोंदी आहेत का ते बघायचं. नसतील तर क्वेरीमधली अट बदलून घ्या, शेवटच्या तारखेपर्यंत असं म्हणायच्या ऐवजी १ एप्रिलच्या आधी असं म्हणायचं. तोपर्यंत तात्पुरतं शेवटची तारीख विचारली की १ एप्रिल टाका, पण मग १ तारखेची वेळ नसलेली एखादी नोंद आत आली नाही ना तेही बघावं लागेल.

अजून एक, रिपोर्टमधे आधीचा फिल्टर चिकटून राहिलेला असू शकतो. नोंदी अचानक कमी दिसायला लागल्या तर डिझाइन व्ह्यूमधे प्रॉपर्टी शीटच्या, म्हणजे रिपोर्टच्या सेटिंगच्या यादीच्या, डेटा टॅबमधे फिल्टर ऑन लोड यस आहे का बघा. फिल्टर लावलाय हे कागदावर कुठेच छापलं जात नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं हा पूर्ण हिशोब आहे. म्हणून रिपोर्टच्या डोक्यावर "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत" अशी ओळ आणि रिपोर्ट कधी काढला ती तारीख वेळ असावीच असं माझं ठाम मत आहे. नसेल तर बनवणाऱ्याकडून घालून घ्या.

पायरी ४ : पहिलं पान, मधलं एखादं पान, शेवटचं पान

प्रिव्ह्यूच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पान पुढे मागे करायचे बाण असतात. शेवटच्या पानावर उडी मारायचा बाण दाबा. मोठा रिपोर्ट असेल आणि खाली "४० पैकी पान ३" असा नंबर छापायचा असेल तर अ‍ॅक्सेसला सगळी पानं आधी मोजावी लागतात, त्यामुळे थोडा वेळ लागतो, हँग झालं समजून बंद करू नका.

आधी शेवटचं पान बघायचं कारण एकूण बेरीज तिथे असते. ती बेरीज दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने पडताळून बघा. सगळ्यात सोपं म्हणजे मूळ टेबल किंवा त्यावरची साधी क्वेरी उघडायची, होम टॅबमधलं टोटल्सचं बटण दाबायचं, खाली जी टोटलची ओळ येते त्यात रकमेच्या कॉलमखाली सम निवडायचं. हा आकडा आणि रिपोर्टचा आकडा जुळला पाहिजे.

नाही जुळला तर? नेहमीची कारणं ही.

रिपोर्टची बेरीज जास्त येतेय, तर रिपोर्टच्या क्वेरीत दोन वेगवेगळी टेबलं एकाच ऑर्डरला जोडलेली असण्याची शक्यता फार. एक ऑर्डर धरा, तिच्यात वस्तूंच्या ३ ओळी आहेत, एकूण रक्कम ५,०००. त्याच ऑर्डरचे पैसे २ हप्त्यांत आले, एकूण ४,०००. आता वस्तूंचं टेबल आणि हप्त्यांचं टेबल एकाच क्वेरीत ऑर्डरला जोडलं की प्रत्येक वस्तू प्रत्येक हप्त्याबरोबर एकदा येते, म्हणजे ३ गुणिले २, एकूण ६ ओळी. वस्तूंची बेरीज दुप्पट होऊन १०,००० दिसते आणि हप्त्यांची तिप्पट होऊन १२,०००. कागदावर सगळं व्यवस्थित रांगेत छापलं जातं, पण आकडा एकही खरा नाही. हे रिपोर्टमधे खाडाखोड करून सुटत नाही, वस्तू एका सबरिपोर्टमधे, म्हणजे रिपोर्टच्या आत बसवलेल्या छोट्या रिपोर्टमधे, आणि हप्ते दुसऱ्या सबरिपोर्टमधे असं वेगळं करून घ्यावं लागतं.

बेरीज कमी येतेय, तर जोडताना काही नोंदी गळल्या असतील. ज्या ऑर्डरवर ग्राहकाचा नंबर टाकायचा राहिलाय ती ऑर्डर साध्या जॉइनमधे, म्हणजे दोन्ही टेबलांत जुळणाऱ्याच नोंदी घेणाऱ्या जोडणीत, येतच नाही. क्वेरीच्या डिझाइनमधे दोन टेबलांमधल्या रेषेवर डबल क्लिक केलं की तीन पर्याय येतात, त्यातला "ऑर्डरच्या सगळ्या नोंदी दाखव" अशा अर्थाचा पर्याय निवडला की गळालेल्या नोंदी दिसायला लागतात.

आणि फरक अगदी शेवटच्या दशांशात असेल तर ते राउंडिंगचं आहे. १०.३३३ ही रक्कम ३ ओळींत आहे, प्रत्येक ओळीत १०.३३ छापली जाते, पण बेरीज आतल्या खऱ्या आकड्यांची होते, ३०.९९९, आणि ती छापताना ३१.०० होते. हातात कॅल्क्युलेटर घेऊन कागद तपासणाऱ्याला ३०.९९ मिळतात आणि तो तुम्हाला विचारतो. उपाय असा की क्वेरीतच प्रत्येक ओळीची रक्कम दोन दशांशापर्यंत राउंड करून घ्यायची आणि मग बेरीज करायची.

बेरजेच्या जागी हॅशचं चिन्ह आणि पुढे एरर असं काही आलं असेल तर बेरीज कुठल्या पट्टीत ठेवलीय ते बघा. पेज फूटरमधे, म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाच्या पट्टीत, सम चालत नाही. एकूण बेरीज रिपोर्ट फूटरमधे, म्हणजे रिपोर्टच्या शेवटी येणाऱ्या पट्टीत, आणि गटाची बेरीज त्या गटाच्या फूटरमधे, एवढंच लक्षात ठेवायचं. नुसती हॅशची रांग आली तर आकडा मोठा आणि रकाना अरुंद आहे, रकाना रुंद करा. हॅशपुढे नेम आणि प्रश्नचिन्ह आलं तर फील्डच सापडत नाहीये.

मधल्या पानावर क्रम बघा. क्वेरीत सॉर्टिंग लावलं म्हणजे रिपोर्ट त्याच क्रमाने येईल असं समजू नका, रिपोर्टमधे ग्रुप, सॉर्ट अँड टोटल नावाचा स्वतंत्र भाग असतो आणि क्रम तिथेच ठरवायचा. गटाचं नाव पानाच्या तळाशी आणि त्याच्या ओळी पुढच्या पानावर असं तुटलेलं दिसलं तर त्याच ठिकाणी गट एकत्र ठेवायचा पर्याय मिळतो. गट दोन तीन पानं चालत असेल तर गटाच्या हेडरची रिपीट सेक्शन प्रॉपर्टी यस करा, प्रत्येक पानावर गटाचं नाव परत येईल. प्रत्येक ग्राहकाला वेगळा कागद द्यायचा असेल तर फोर्स न्यू पेज वापरा.

पायरी ५ : कोरी पानं आणि कापलेले कॉलम

एक पान छापलेलं, एक कोरं, परत एक छापलेलं, एक कोरं. हा त्रास इतका सर्रास होतो की यावर थोडं जास्त लिहिणं भाग आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं, रिपोर्टची रुंदी अधिक डावा मार्जिन अधिक उजवा मार्जिन ही बेरीज कागदापेक्षा जास्त झालेली असते. ए४ कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर उंच. दोन्हीकडे २ सेंटीमीटर मार्जिन ठेवलं तर रिपोर्टला उरतात १७. रिपोर्टची रुंदी १७.३ झाली तरी अ‍ॅक्सेस तो वरचा ०.३ सेंटीमीटरचा तुकडा छापायला नवीन पान घेतं, मग त्या तुकड्यात काही असो वा नसो. कधीकधी अ‍ॅक्सेस आधी सूचना पण देतं की सेक्शनची रुंदी पानापेक्षा जास्त आहे आणि काही पानं कोरी येऊ शकतात, लोक ती न वाचता ओके करतात.

दुरुस्त करायला डिझाइन व्ह्यूमधे जा, प्रॉपर्टी शीट उघडा, वर रिपोर्ट निवडलेला असू द्या आणि फॉरमॅट टॅबमधे विड्थ बघा. ती कमी करा. आकडा टाकूनही परत वाढत असेल तर कुठलीतरी वस्तू उजव्या कडेला टेकलेली आहे. बहुतेक वेळा ती असते एखादी आडवी रेघ, नाहीतर पेज फूटरमधला पान नंबरचा चौकोन. या दोन्हीकडे लक्ष जात नाही कारण सगळे वरच्या कॉलमांकडेच बघत बसतात. ती वस्तू आधी आत ओढा, मग रुंदी कमी होईल. रिपोर्टच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल तर तो याच गोष्टीचा इशारा असू शकतो, त्यावर क्लिक करून बघा.

कॉलम खरोखरच जास्त असतील तर पेज सेटअपमधे पान आडवं करा, लँडस्केप, म्हणजे २९.७ सेंटीमीटर रुंदी मिळते. मार्जिन कमी करून जागा काढता येते पण प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही, त्यामुळे मार्जिन शून्याजवळ नेऊ नका, कडेची अक्षरं जातील.

कागदाचा साइज नक्की बघा. तयार टेम्पलेटवरून बनवलेले रिपोर्ट पुष्कळदा लेटर साइजचे असतात. लेटर कागद ए४ पेक्षा साधारण ६ मिलीमीटर रुंद आणि १८ मिलीमीटर आखूड असतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण लेटरसाठी बसवलेला रिपोर्ट ए४ वर गेला की तोच कोऱ्या पानांचा प्रकार सुरू होतो, किंवा प्रिंटर लेटर कागद घाला म्हणून थांबून राहतो.

पेज सेटअपमधेच खाली प्रिंटरची निवड असते, डीफॉल्ट प्रिंटर किंवा ठरावीक प्रिंटर. रिपोर्ट ज्या मशीनवर बनला तिथला प्रिंटर त्यात चिकटून राहिला असेल तर तुमच्याकडे उघडताना तो प्रिंटर सापडत नाही अशी सूचना येते. डीफॉल्टवर ठेवा. आणि प्रिंटर बदलला की प्रिव्ह्यू परत बघा, कारण अक्षरांची मापं आणि पानं कुठे तुटणार हे निवडलेल्या प्रिंटरवर ठरतं. एका मशीनवर १२ पानांत बसलेला रिपोर्ट दुसऱ्या मशीनवर १३ पानांचा होऊ शकतो.

मजकूर लांब असेल आणि खालच्या ओळी दिसत नसतील तर त्या टेक्स्टबॉक्सची कॅन ग्रो प्रॉपर्टी यस करा, चौकोन मजकुराप्रमाणे उंच होतो. मराठीत अजून एक अडचण येते, वेलांट्या, रफार आणि मात्रा वरून कापल्या जातात आणि उकार खालून, कारण टेक्स्टबॉक्सची उंची इंग्रजी अक्षरांच्या अंदाजाने ठेवलेली असते. उंची थोडी वाढवली की लगेच सुटतं. प्रिव्ह्यूमधे झूम १०० टक्क्यांवर किंवा त्याहून वर नेऊन एखादं "र्की" किंवा "त्रू" असलेलं नाव शोधा आणि तेवढंच बारकाईने बघा, बाकीची अक्षरं आपोआप ठीक असतात. फॉन्ट युनिकोड असावा, निर्मला किंवा मंगल चालतील. जुना बिगरयुनिकोड फॉन्ट वापरला असेल तर तो नसलेल्या मशीनवर सगळी नावं अगम्य चिन्हांत छापली जातील.

पायरी ६ : आता प्रिंट

सगळं तपासून झालं की प्रिव्ह्यूमधूनच प्रिंट बटण दाबा किंवा कंट्रोल पी. प्रिंटचा चौकोन उघडेल. त्यात प्रिंटरचं नाव वाचा. मग पेजेसमधे १ ते १ टाकून फक्त पहिलं पान काढा आणि ते हातात घेऊन बघा, शाई फिकी आहे का, कडा कापल्यात का. मग २ पासून पुढची पानं. एकापेक्षा जास्त प्रती हव्या असतील तर कोलेटवर खूण ठेवा, म्हणजे एक पूर्ण संच झाला की दुसरा सुरू होतो, नाहीतर आधी सगळी पहिली पानं, मग सगळी दुसरी असं येतं आणि टेबलावर बसून संच लावत बसावं लागतं. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर ते प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधे मिळतं.

फाइल मेनूत क्विक प्रिंट नावाचं बटण आहे, ते काहीही न विचारता पूर्ण रिपोर्ट प्रिंटरकडे पाठवतं. नवीन माणसाने ते वापरू नये. तसंच फॉर्मवर "रिपोर्ट काढा" असं बटण बनवून दिलेलं असेल आणि ते दाबल्यावर थेट कागद बाहेर येत असेल तर बनवणाऱ्याला सांगून ते प्रिव्ह्यू उघडणारं करून घ्या. कोडमधे रिपोर्ट उघडायच्या ओळीत व्ह्यू सांगितला नसेल तर अ‍ॅक्सेस सरळ प्रिंट करतं, त्यामुळे हे असं होतं, आणि बदल एका शब्दाचा आहे. त्याच वेळी नो डेटा इव्हेंट पण भरून घ्या, म्हणजे त्या तारखांत नोंदच नसेल तर रिकामा रिपोर्ट निघायच्या ऐवजी "नोंदी नाहीत" असा संदेश येईल.

कागदावर कॉलमांची नावं, शीर्षक काहीच आलं नाही, नुसते आकडे आले, असं झालं तर प्रिव्ह्यू टॅबमधे प्रिंट डेटा ओन्ली या चौकटीत चुकून खूण पडलीय. ती काढा. एक आड एक ओळ राखाडी छापली जात असेल आणि शाई वाचवायची असेल तर डिटेल सेक्शनची, म्हणजे नोंदींच्या ओळी छापणाऱ्या पट्टीची, अल्टरनेट बॅक कलर प्रॉपर्टी नो कलर करा.

पत्त्यांची लेबलं काढायची असतील तर पेज सेटअपच्या कॉलम्स टॅबमधे एका ओळीत किती लेबलं आणि त्यांच्यात अंतर किती ते ठरतं. आधी साध्या कागदावर एक पान काढा, तो कागद लेबलच्या शीटवर ठेवून उजेडासमोर धरा, अक्षरं चौकोनात बसतायत का दिसेल. मगच लेबलचा कागद घाला.

लिब्रेऑफिस बेस वापरत असाल तर

हे अ‍ॅक्सेससारखंच दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर. तिथे रिपोर्ट चालवला की तो रायटरचं, म्हणजे लिब्रेऑफिसच्याच लेखनाच्या सॉफ्टवेअरचं, डॉक्युमेंट म्हणून उघडतो, त्यामुळे प्रिव्ह्यू रायटरचाच, कंट्रोल शिफ्ट ओ. रिपोर्ट बिल्डर, म्हणजे बेसमधला रिपोर्ट बनवणारा भाग, चालायला जावा नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते नसेल तर रिपोर्ट उघडणारच नाही. रिपोर्ट विझार्डमधे स्टॅटिक आणि डायनॅमिक असं विचारतात, दर महिन्याचा रिपोर्ट असेल तर डायनॅमिकच निवडा. स्टॅटिकमधे बनवला त्या दिवशीचाच डेटा गोठून राहतो.

मधेच कागद अडकला तर

मोठ्या रिपोर्टला हे होतंच. ८० पानांपैकी ३७ नीट आली आणि प्रिंटर थांबला. आधी विंडोजच्या प्रिंटर क्यूमधे जाऊन उरलेलं काम कॅन्सल करा, नाहीतर कागद काढल्यावर प्रिंटर परत आपल्या मनाने सुरू होतो आणि दुबार पानं येतात. मग ३८ पासून पुढे असं पेजेसमधे टाकून प्रिंट द्यायची, बरोबर, पण या दहा पंधरा मिनिटांत दुसऱ्या कुणी डेटाबेसमधे नवीन नोंद टाकली असेल तर सगळ्या ओळी सरकतात आणि नवीन ३८ वं पान जुन्या ३७ व्या पानाला जुळत नाही. एखादी ओळ दोनदा येते किंवा मधली एक निसटते, आणि ते कुणाच्याही लक्षात येत नाही.

म्हणून १० - १५ पानांच्या वर रिपोर्ट गेला की मी सांगेन, प्रिव्ह्यू टॅबमधून आधी पीडीएफ काढा, त्या फाइलच्या नावात तारीख घाला, आणि कागद त्या पीडीएफमधून छापा. पीडीएफमधला डेटा त्या क्षणी स्थिर झालेला असतो, त्यामुळे ३८ वं पान उद्या छापलं तरी ते ३७ च्या पुढचंच असतं, आणि कुणी नंतर "हा आकडा कुठून आला" विचारलं तर जी प्रत छापली तीच उघडून दाखवता येते.